गाणी चालेनात म्हणून अभिनय?

‘जपानमधले पॉप आयडॉल गाणी चालेनाशी झाली की अभिनयाकडे वळतात,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं (आयडॉल म्हणजे गाण्या-नाचातून चाहते मिळवणारे तरुण कलाकार, बरेचदा गटाने गाणारे). काहींच्या बाबतीत ते खरंही असेल, पण सरसकट नियम म्हणून ते टिकत नाही.

‘कँडीज’ या तीन तरुणींच्या गाजलेल्या गायनगटाचं उदाहरण बघा. 1977च्या उन्हाळ्यात, ऐन लोकप्रियतेत असताना, त्यांनी भर कार्यक्रमात थांबत असल्याचं जाहीर केलं. एप्रिल 1978मध्ये तोक्योच्या कोराकुएन स्टेडियममध्ये हजारो चाहत्यांसमोर निरोप घेतला. त्यांचं शेवटचं गाणं विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. हे स्थान त्यांना आधी कधीच मिळालं नव्हतं! पुढे तिघींपैकी दोघी अभिनेत्री म्हणून नावाजल्या. एकीने हिरोशिमाच्या अणुबाँबनंतरचं आयुष्य मांडणाऱ्या 1989च्या चित्रपटात केलेलं काम तर आवर्जून बघावं असं आहे.

दुसरं म्हणजे अनेक आयडॉल गटात असतानाच अभिनय सुरू करतात. जपानमध्ये टीव्हीवर जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये नव्या मालिका येतात आणि बहुतेक साधारण दहा-अकरा भागांत संपतात. त्यामुळे गाणी सांभाळूनही छोटी भूमिका करता येते.

पडताळायचं असेल तर तीन तारखा शेजारी मांडा: पहिली भूमिका, शेवटचं गाणं आणि गट सोडल्याची घोषणा. त्या शेवटच्या गाण्याचा विक्रीतला क्रमांकही बघा. भूमिका आधीची आणि क्रमांक वरचा असेल, तर त्या कलाकाराला हा दावा लागू होत नाही.