पावसाळ्यात तडकणारं पितळ

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेला एका कोड्यानं छळलं होतं. तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. बार झालेला नाही, कुणी हात लावलेला नाही, तरी पितळी पुंगळीच्या मानेवर, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या अरुंद तोंडाशी, उभी चीर! उलगडा झाला १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं, की घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो आणि त्यातल्या तांब्यावर हल्ला चढवतो. मात्र एकटा अमोनिया एवढं करू शकत नाही. पितळ आधीपासून आतून ताणलेलं असावं लागतं.

हा ताण येतो कुठून, ते आपल्या इंदुरात कसेरा बाजारच्या कारागिराला विचारावं. पितळेचा पत्रा ठोकता ठोकता कडक होतो, हातोडा उसळायला लागतो. तेव्हा तो ठोकणं थांबवतो आणि भांडं भट्टीत धरतो. हट्टानं ठोकत राहिला, तर काठ फाटलाच म्हणून समजा. धातूचे अणू ओळीत रचलेले असतात. वाकवताना या ओळी एकमेकींवरून सरकतात, आणि हे सरकणं रचनेतल्या दोषांमुळे सोपं होतं. पण प्रत्येक ठोक्यासरशी दोष वाढतात, एकमेकांत अडकतात, सरकायला वाव उरत नाही आणि आत ताण साठून राहतो. भरपूर तापवलं, की अणू नव्यानं रचले जातात, नवे स्फटिककण तयार होतात आणि धातू पुन्हा मऊ पडतो.

रायफलची पुंगळी साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताची. बार उडताच ती फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट बसते, त्यामुळे वायू मागे सुटत नाही. दाब ओसरल्यावर ती किंचित आकसते, पण मूळ मापावर येत नाही. परदेशात अनेक नेमबाज ती घरीच पुन्हा भरतात (आपल्याकडे परवान्याशिवाय असं करणं शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे). त्यासाठी ती वंगण लावून पोलादी डायमध्ये (साच्यात) दाबतात आणि मापात आणतात. म्हणजे एकदा फुगवणं, एकदा दाबणं. पितळेच्या लेखी दोन्ही ठोकेच! अशा काही फेऱ्या झाल्या, की मान कडक होऊन चिरते. तोवर पितळ लांबीलाही वाढलेलं असतं, ते कापावं लागतं.

उपाय कसेऱ्याचाच, फक्त फार जपून करायचा. आच द्यायची ती मानेला आणि खांद्याला, म्हणजे मानेखालच्या उतरत्या भागाला. बुडाला मुळीच नाही, कारण स्फोटाचा दाब बूड पेलतं आणि ते कडकच हवं. मऊ पडलेलं बूड फाटलं, तर तापलेला वायू थेट नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो. लष्करी काडतुसांच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती या आचेचीच खूण. ती मुद्दाम पुसत नाहीत. मान तापवून घेतली आहे, हे तपासणाऱ्याला नजरेनंच कळतं.