गुठळीरोधक औषधे आणि रक्तस्राव

पायाच्या खोल शिरेतल्या किंवा तिथून सुटून फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीवर गुठळीरोधक औषधे देतात. त्यांचा सर्वांत मोठा धोका म्हणजे रक्तस्राव. बोलीत या गोळ्या ‘रक्त पातळ करणाऱ्या’. खरे तर रक्त पातळ होत नाही, ते साकळायला वेळ लागतो. गुठळी वाढू न देणारा गुणच जखमेचे रक्तही लवकर थांबू देत नाही, म्हणून हा धोका औषधातून निवडून काढता येत नाही.

वॉरफरिन या जुन्या गुठळीरोधक गोळीची कथा तर रक्तस्रावापासूनच सुरू होते. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत क्लोव्हर या गवतासारख्या वनस्पतीचा नासलेला चारा खाऊन गुरे रक्त वाहून मरू लागली. चाऱ्यातल्या त्या द्रव्याच्या शोधातून रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पुढे वॉरफरिन तयार झाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला विकले गेले, १९५४ मध्ये माणसांना दिले जाऊ लागले. रक्त साकळायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाच्या कामात ते आडवे येते. रक्त साकळायला किती वेळ लागतो हे सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, आयएनआर, २ ते ३ मध्ये ठेवायचा. तो चारपाचच्या पुढे गेला की धोका झपाट्याने चढतो. ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही. पहिल्या काही महिन्यांनंतरही उपचार चालू ठेवलेल्यांत गंभीर रक्तस्राव वर्षाला शंभरात वॉरफरिनवर सुमारे १.७, तर नव्या गोळ्यांवर १.१ एवढा आढळला आहे.

रक्तस्राव सर्वाधिक होतो तो पचनमार्गात. मेंदूतला क्वचित, पण सर्वांत घातक. दाढी करताना कापले आणि रक्त बराच वेळ थांबेना, हे त्रासाचे असले तरी भीतीचे नाही. डांबरासारखी काळी, चिकट शौच मात्र भीतीची, कारण ती पचनमार्गातल्या रक्तस्रावाची खूण असू शकते. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, हे विचारायचे राहून जाते.) डोक्याला मार लागला तर जखम दिसत नसली तरी रुग्णालय गाठावे.

उतारवय, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार, रक्तक्षय, पूर्वीचा रक्तस्राव यांनी धोका वाढतो. सहज टाळता येण्याजोगे कारण म्हणजे गुडघेदुखीवर मनाने घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी.

धोका सुरुवातीच्या आठवड्यांत अधिक असतो, पण गुठळी वाढण्याची भीतीही तेव्हाच जास्त. त्यामुळे औषध चालू ठेवायचे की नाही, याचा हिशेब बहुधा तीन महिन्यांनी मांडतात. मोठ्या शस्त्रक्रियेमुळे झालेली गुठळी असेल तर ते थांबवतात. कारण न सापडलेल्या गुठळीत पुढे चालू ठेवण्याकडे कल असतो, सहा महिन्यांनंतर अनेकदा कमी मात्रेत.