पाळक घडवायचा कसा? चारित्र्य आणि कौशल्याच्या ओढाताणीची पार्श्वभूमी

ख्रिस्ती प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा (चर्चचा) पाळक, कसा असावा याची यादी आहे. तो अदूष्य, नेमस्त, स्वस्थचित्त, अतिथिप्रिय असावा. मद्यपी, मारका किंवा द्रव्यलोभी नसावा. स्वतःचे घर नीट चालवणारा असावा आणि बाहेरच्या लोकांतही त्याचे नाव चांगले असावे. या सगळ्यात सरळसरळ कौशल्य म्हणावे अशी गोष्ट एकच, ‘शिकवण्यात निपुण’. शिवाय नवशिका नको, असेही पौल बजावतो. म्हणजे मंडळीने त्या माणसाला बराच काळ जवळून पाहिलेले आहे, हे त्याने धरूनच चाललेले आहे. पुढे अडचण आली ती इथेच. ज्ञानाची परीक्षा घेता येते. चारित्र्य मात्र सोबत राहूनच कळते.

चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला रोमन राजाश्रय मिळाला आणि बिशपपद, म्हणजे प्रमुख पाळकाचे पद, मानाचे झाले. ३७४ मध्ये मिलानच्या लोकांनी अँब्रोझ या प्रांताधिकाऱ्याला त्याचा बाप्तिस्मा होण्याआधीच बिशप म्हणून निवडले. नवशिका नको ही पौलाची अट सरळ बाजूला पडली. अँब्रोझ खंबीर निघाला, हा भाग वेगळा! त्याच शतकातला नाझियान्झसचा ग्रेगरी पाळकपदाची दीक्षा मिळताच घाबरून पळून गेला आणि परतल्यावर त्याने पळण्याचे कारण लिहून काढले. माणसांना वळण लावणे ही सर्व कलांत श्रेष्ठ कला आहे आणि दुसऱ्याला शुद्ध करण्याआधी स्वतः शुद्ध व्हायला हवे, असे त्याचे म्हणणे. त्याचा धागा पकडून ५९० च्या सुमारास पोप थोरल्या ग्रेगरीने पाळकांसाठी मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्याचा सर्वांत मोठा भाग कोणाला कसा बोध करावा यावर आहे. गरिबाला एक, श्रीमंताला दुसरा. बडबड्याला एक, अबोलाला दुसरा.

मधल्या काळात उत्तर आफ्रिकेत वेगळाच वाद पेटला होता. ३०३ मध्ये सुरू झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात ज्या पाळकांनी शास्त्राच्या प्रती रोमन अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या, त्यांच्या हातचे संस्कार (बाप्तिस्म्यासारखे विधी) खरे धरायचे का? संस्कार ख्रिस्ताचा असतो, तो देणाऱ्याच्या पावित्र्यावर टिकून नसतो, असे उत्तर पुढे बिशप ऑगस्टिनने दिले. उत्तर बरोबरच होते. पण ढिल्या पाळकांना त्याची आयती ढाल मिळाली, असे मला वाटते.

सोळाव्या शतकात चर्च फुटल्यावर प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही बाजूंनी पाळक घडवायला शाळा काढल्या. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनची जिनिव्हातील अकादमी १५५९ ची. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी (पाळकांची प्रशिक्षणशाळा) असावी असे ठरवले ते १५६३ मध्ये. मला मात्र जिनिव्हाचे १५४१ चे मंडळी-नियम अधिक बोलके वाटतात. पाळकांनी दर तीन महिन्यांनी एकत्र बसून एकमेकांचे दोष तपासावेत, असे त्यांत आहे. सोबत दोन याद्या. पहिलीतले दोष मुळीच खपवून घ्यायचे नाहीत. दुसरीतले बंधुभावाने कान उघाडणी करून सुधारायचे. नृत्य पहिल्या यादीत आहे. खोटे बोलणे, रागाचा भडका आणि अभ्यासातला आळस दुसऱ्या यादीत! आजचा वाचक इथे थबकेल, पण पाळकाच्या रागाची आणि आळसाची नोंद त्याचेच सहकारी घेत होते, ही व्यवस्था विसरून चालणार नाही.

शाळा वाढल्या तशी पांडित्याची चढाओढही वाढली. १६७५ मध्ये जर्मनीत लूथरन पाळक स्पेनरने तक्रार केली की विद्यापीठांत वादविवाद शिकवले जातात, भक्ती नाही. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासाइतकेच त्यांच्या जीवनाकडे पाहावे, असे त्याने सुचवले. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळीच्या वेस्लीने उपदेशक पारखण्यासाठी तीन कसोट्या लावल्या. त्याच्यावर देवाची कृपा दिसते का, त्याच्याकडे दाने (देवाने दिलेले गुण) आहेत का आणि त्याच्या कामाला फळ आले आहे का?

१९६३ मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने क्रमच उलटा केला. मंडळ्या प्रत्यक्षात सांभाळणारी माणसे घर-शेती सोडून वसतिगृहात येऊ शकत नव्हती; मग शिक्षकच त्यांच्याकडे जाऊ लागले. घरी पाठ वाचायचा, आठवड्यातून एकदा शिक्षकासोबत चर्चेला बसायचे आणि बाकीचे दिवस आपल्याच मंडळीत काम करायचे. पुढे ही पद्धत इतर खंडांतही पोहोचली.