गोल्फ कोर्सचे पुरस्कार: काठिण्यापासून पाण्याच्या हिशेबापर्यंत

गोल्फ कोर्सच्या प्रकल्पांना पुरस्कार द्यायचा म्हटला की परीक्षकांसमोर आज कागदांचा गठ्ठा येतो: आराखडे, खर्चाचे आकडे, पाण्याचा वापर, जमिनीचे आधीचे आणि नंतरचे फोटो. शंभर वर्षांपूर्वी एका होलचं, म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू भोकात जाईपर्यंतच्या एका टप्प्याचं, चित्र पुरेसं होतं.

१९१४ मध्ये 'कंट्री लाइफ' या ब्रिटिश साप्ताहिकाने पार-४ (चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या) होलच्या आराखड्याची स्पर्धा घेतली. परीक्षक होते बर्नार्ड डार्विन, होरेस हचिन्सन आणि हर्बर्ट फाउलर. बक्षीस मिळालं अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांना, जे शिक्षणाने डॉक्टर होते. त्यांच्या होलवर ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीकडे, जायला एकच वाट नव्हती. ज्याच्या फटक्यात दम आहे त्याने धोका पत्करून जवळची वाट धरावी, बाकीच्यांनी वळसा घालावा आणि तरीही खेळात राहावं. कोर्सचे आराखडे करणारे चार्ल्स ब्लेअर मॅकडॉनल्ड यांनी न्यूयॉर्कजवळच्या लिडो क्लबवर शेवटचा होल या चित्रावरून बांधला. दुसऱ्या महायुद्धात ती जागा नौदलाकडे गेली आणि मूळ कोर्स नाहीसा झाला. तरी आराखडा इतका टिकाऊ निघाला की २०२३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये लिडोची प्रतिकृती उभी राहिली.

पुढे मात्र मोजपट्टी अरुंद झाली. अमेरिकेच्या 'गोल्फ डायजेस्ट'ने १९६६ मध्ये पहिली मोठी यादी काढली, ती देशातल्या सर्वांत अवघड २०० कोर्सेसची. चांगला म्हणजे कठीण, हे समीकरण त्यातून रुजलं. माझ्या मते त्याने खेळाचं नुकसानच केलं, कारण लांबी आणि बंकर (वाळूचे खड्डे) वाढवणं हा नाव मिळवण्याचा सोपा मार्ग झाला. १९८३ पासून याच मासिकाने नव्या कोर्सेसना वार्षिक पुरस्कार द्यायला सुरुवात केली आणि १९८५ च्या सुमारास 'महान' कोर्सेसची यादी आली. आराखड्यातलं वैविध्य, होल लक्षात राहणं, सौंदर्य यांनाही गुण मिळू लागले. पण जमीन आधी कशी होती आणि पाणी किती लागतं, याला त्यात जागा नव्हती.

हे प्रश्न बाहेरून आले. १९९१ मध्ये ऑड्युबॉन इंटरनॅशनलने अमेरिकन गोल्फ संघटनेच्या (यूएसजीए) पाठबळावर कोर्सेससाठी पर्यावरण प्रमाणपत्राचा कार्यक्रम सुरू केला. आणि १९९७ मध्ये मोंटानातल्या अ‍ॅनाकोंडा गावात नामवंत गोल्फपटू जॅक निक्लॉस यांनी आखलेला ओल्ड वर्क्स कोर्स उघडला. तांब्याच्या भट्ट्यांनी विषारी झालेली ही जमीन झाकून, वर माती पसरून तिथे हिरवळ लावली. बंकरमध्ये पांढऱ्या वाळूऐवजी भट्टीतला काळा स्लॅग (धातू गाळल्यावर उरलेला मळ) आहे. केवळ फटक्यांच्या हिशेबाने अशा कामाला न्याय देता आला नसता. अमेरिकन सोसायटी ऑफ गोल्फ कोर्स आर्किटेक्ट्स ही १९४६ मध्ये स्थापन झालेली संस्था आता पर्यावरणासाठी वेगळे पुरस्कार देते, ते म्हणूनच योग्य वाटतं.

एक अडचण अजून सुटलेली नाही: निवाडा फार लवकर होतो. वॉशिंग्टन राज्यातला चेंबर्स बे हा कोर्स वाळू-खडीच्या जुन्या खाणीवर बांधलेला. तो जून २००७ मध्ये उघडला आणि वर्षही व्हायच्या आत, फेब्रुवारी २००८ मध्ये, २०१५ ची यूएस ओपन ही अमेरिकेतली मोठी गोल्फ स्पर्धा भरवण्याचा मान त्याला मिळाला. जमिनीच्या पुनर्वापराचं कौतुक रास्तच होतं. पण स्पर्धेच्या वेळी फेस्क्यू गवताच्या ग्रीनमध्ये पोआ अ‍ॅन्युआ हे आपोआप पसरणारं दुसरं गवत घुसलं होतं, चेंडू उड्या मारत होता आणि खेळाडू उघड तक्रार करत होते. शेवटी ग्रीनवर पोआच लावावं लागलं. गवत मुरायला काही हंगाम जावे लागतात. उद्घाटनाच्या फोटोत ते दिसत नाही.

नूतनीकरणाच्या प्रकल्पांत तुलना सोपी जाते, कारण 'आधी'ची नोंद हाताशी असते. नॉर्थ कॅरोलिनातला पाइनहर्स्ट क्रमांक २ हा डोनाल्ड रॉस यांनी आखलेला कोर्स बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या आराखडाकारांनी २०१०-११ मध्ये पुन्हा घडवला. फेअरवेच्या (होलमधल्या छाटलेल्या मुख्य पट्ट्याच्या) कडेची दाट हिरवळ काढून तिथे पुन्हा वाळू आणि वायरग्रास हे स्थानिक गवत आणलं. पाण्याचे स्प्रिंकलर सुमारे ११५० वरून ४५० वर आले. २०१४ मध्ये पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन तिथे लागोपाठच्या आठवड्यांत खेळली गेली. नव्या प्रकल्पांकडूनही परीक्षकांनी असेच आकडे मागावेत, आणि पहिल्या वर्षाचे नव्हे, चौथ्या-पाचव्या वर्षाचे.