प्रयोगशाळेतल्या टीएला शिकवायला कोण शिकवतं?

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला साहाय्यक, म्हणजेच आजचा टीए (टीचिंग असिस्टंट, शिकवण्याचं काम करणारा विद्यार्थी-साहाय्यक), का लागला, हे शोधत मागे गेलं की पाच फुग्यांच्या एका काचेच्या उपकरणापाशी येऊन थांबावं लागतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लीबिगने ते 1831 साली तयार केलं. सेंद्रिय पदार्थ जाळायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड त्या फुग्यांतल्या पोटॅशच्या द्रावणात शोषून घ्यायचा आणि आधीच्या व नंतरच्या वजनातल्या फरकावरून कार्बनचं प्रमाण काढायचं. त्यापूर्वी असं विश्लेषण मुरलेल्या हातांचंच काम होतं. आता थोड्या सरावाने ते नवशिक्यालाही जमू लागलं. लीबिग 1824 मध्ये गीसनच्या विद्यापीठात रुजू झाला तेव्हा तो अवघा 21 वर्षांचा होता. जर्मनीतल्या त्या लहानशा गावात देशोदेशीचे विद्यार्थी येऊ लागले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही ते काचेचे फुगे दिसतात.

एवढ्या टेबलांना एकटा प्राध्यापक पुरणार कसा? लीबिगने आपल्या आठवणींत याबद्दल लिहून ठेवलं आहे. नवशिक्यांना प्रत्यक्ष शिकवण्याचं काम सरावलेल्या साहाय्यकांकडे असे. खास विद्यार्थ्यांना तो स्वतः विषय देई आणि त्यांच्या कामावर नजर ठेवी. यातला ‘सरावलेल्या’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. कशात सरावलेले? विश्लेषणात. शिकवण्याचा सराव वेगळा असतो, हा विचार तिथे नव्हता. ज्याला रसायनशास्त्र येतं त्याला ते शिकवताही येतं, ही समजूत तिथे रुजली आणि पुढे सव्वाशे वर्षं कुणी तिला हात लावला नाही.

त्या काळापुरती ती समजूत अगदीच चुकीची होती असं मी म्हणणार नाही. प्रयोगशाळा लहान होती, साहाय्यक दिवसभर गुरूच्या नजरेसमोर वावरत होता. गुरू एखाद्याची चूक कशी हेरतो, कुठे थांबवतो, कुठे चुकू देतो, हे त्याला पाहायला मिळायचं. पण पद्धत दुसरीकडे गेली तेव्हा साहाय्यक बरोबर गेला, ती सोबत मात्र मागे राहिली. लीबिगचा साहाय्यक होफमन 1845 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत आला, गीसनला शिकलेला हॉर्सफर्ड 1847 मध्ये हार्वर्डला. एमआयटीत एलियट आणि स्टोरर या प्राध्यापकांनी 1860च्या दशकात सगळ्या वर्गालाच प्रयोगाच्या टेबलापाशी उभं केलं. 1876 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ उघडलं आणि ग्योटिंगेनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या आयरा रेमसेनने तिथे जर्मन वळणाचं संशोधन रुजवलं. संशोधन करणारा तरुण आणि पहिल्या वर्षाला शिकवणारा तरुण एकच, ही सांगड अमेरिकेत पक्की होत गेली. ब्रिटनमध्ये अशाच कामाला डेमॉन्स्ट्रेटर हे नाव पडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर आकड्यांनीच सगळं बदललं. युद्धावरून आलेल्यांना शिक्षणासाठी पैसे देणाऱ्या 1944च्या जीआय बिल या अमेरिकी कायद्यामुळे परतलेले सैनिक विद्यापीठांत आले. 1957 मध्ये स्पुटनिक हा सोव्हिएत उपग्रह झेपावला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा करून विज्ञान शिक्षणात पैसा ओतला. व्याख्यानाला शेकडो विद्यार्थी बसू लागले. प्रात्यक्षिकासाठी त्यांच्या वीस-पंचवीस जणांच्या बॅचेस पाडायच्या आणि प्रत्येक बॅचवर एक टीए नेमायचा, हा शिरस्ता झाला. टीए म्हणजे बहुधा काही महिन्यांपूर्वी स्वतःच पदवी संपवलेला मुलगा किंवा मुलगी. विद्यावेतन आणि फीमाफीच्या बदल्यात हे काम करायचं. तयारी म्हणून हातात प्रयोगांची पुस्तिका, खोलीची किल्ली आणि कुठे काय ठेवलंय याची तोंडओळख. बाकीचं तो आपल्या आठवणीतून भरून काढायचा, म्हणजे आपल्याला जसं शिकवलं तसंच शिकवायचा. द्रावण पिपेटमध्ये (मोजून घेण्याच्या काचेच्या नळीत) तोंडाने ओढण्याची घातक सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती अशीच. करणाऱ्याला त्यात वावगं काही दिसत नव्हतं, कारण त्याच्या टीएनेही तेच करून दाखवलं होतं.

‘यांना शिकवायला शिकवलं पाहिजे’ हा विचार पुढे आला तो शिकवण्याच्या काळजीतून कमी आणि बाहेरच्या रेट्यातून जास्त, असं हा इतिहास वाचताना मला सतत जाणवतं. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन आवारात टीएंनी 1966 मध्ये संघटना बांधली आणि 1970 मध्ये संप केला. अभ्यासक्रम ठरवताना आपलंही मत घ्यावं, ही त्यांची एक मागणी होती. 1980च्या दशकात परदेशी टीए वाढले, त्यांचं बोलणं कळत नाही अशा तक्रारी आल्या आणि अनेक अमेरिकी राज्यांनी इंग्रजी बोलण्याच्या चाचणीचे नियम केले. अनेक ठिकाणी टीएला मिळालेलं पहिलं रीतसर प्रशिक्षण उच्चारांचं होतं. तक्रारी खऱ्याही असतील, पण सगळा दोष उच्चारांवर ढकलणं सोपं होतं. इंग्रजी घरचीच असलेल्या टीएलाही शिकवण्याचं प्रशिक्षण नव्हतं, ही गोष्ट त्यात झाकली गेली.

तरी दार उघडलं. मिशिगन विद्यापीठात अध्यापन सुधारण्यासाठीचं केंद्र 1962 पासून होतंच, अशी केंद्रं आता इतरत्रही निघाली. स्टॅनफर्डमध्ये 1963 च्या सुमारास आकाराला आलेलं सूक्ष्म अध्यापन, म्हणजे पाच-दहा मिनिटांचा पाठ घेऊन त्यावर लगेच चर्चा, टीएंच्या तयारीतही आलं. 1986 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात टीएंच्या नेमणुकीवर आणि प्रशिक्षणावर राष्ट्रीय परिषद भरली. 1993 मध्ये सुरू झालेल्या ‘प्रिपेअरिंग फ्यूचर फॅकल्टी’ या भावी प्राध्यापक घडवण्याच्या उपक्रमात पुढे अमेरिकन केमिकल सोसायटीही सामील झाली.

हे सगळं सर्व विषयांसाठी होतं. रसायनशास्त्राच्या टीएची जबाबदारी वेगळी असते, कारण त्याच्या वर्गात ज्योत असते, आम्ल असतं आणि पहिल्यांदाच ब्युरेट (द्रावण थेंबथेंब सोडायची तोटीची नळी) धरणारे हात असतात. 1990 मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळांसाठी ओशा या कामगार-सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेचा स्वतंत्र नियम आला आणि प्रत्येक संस्थेला लेखी सुरक्षा आराखडा ठेवावा लागला. हा नियम नोकरदारांना लागू होतो. म्हणजे पगारी टीए त्याच्या छत्राखाली येतो, समोरचा विद्यार्थी येत नाही. त्या विद्यार्थ्याचं रक्षण टीएच्या डोळ्यांवर येऊन पडतं. 2008 च्या डिसेंबरात यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात लागलेली जीवघेणी आग आणि 2010 मधला टेक्सास टेक विद्यापीठातला स्फोट या संशोधन प्रयोगशाळांतल्या घटना होत्या. पण त्यांच्यानंतर सुरक्षेचं प्रशिक्षण नुसती सही घेऊन उरकण्याची सोय राहिली नाही.

याच काळात शिकण्याबद्दलची समजही वाढत होती. ग्लासगोचे रसायनशास्त्र-शिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स जॉनस्टन यांनी 1982 पासून एक साधी गोष्ट ठासून मांडली. रसायनशास्त्रज्ञ डोळ्यांना दिसणारा पदार्थ, न दिसणारे रेणू आणि कागदावरची चिन्हं या तिन्हींत सहज ये-जा करतो, नवशिक्याला तिन्ही एकदम झेपत नाहीत. प्रयोगशाळेत तर सूचना, उपकरणं, नवे शब्द असं सगळं एकाच वेळी अंगावर येतं. हे माहीत नसलेला टीए गोंधळलेल्या विद्यार्थ्याला आणखी चार सूचना देतो. 1999 मध्ये डॅनियल डोमिन यांनी प्रात्यक्षिकांच्या शैलींची मांडणी केली आणि पायऱ्या आखून दिलेल्या प्रयोगापेक्षा विद्यार्थ्याला स्वतः वाट शोधायला लावणाऱ्या शैलींची चर्चा वाढली. अशा वर्गात टीएला गप्प राहणंही यावं लागतं.

म्हणून मला सत्राआधीच्या तयारीतला एकच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. नवे टीए जिथे पहिल्या आठवड्याचा प्रयोग आधी स्वतः करतात आणि मग एकमेकांसमोर विद्यार्थी बनून उभे राहतात, तो. टायट्रेशन चालू आहे, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून थेंबथेंब द्रावण सोडणं. ‘विद्यार्थी’ तोटी जरा जास्त उघडतो आणि फ्लास्कमधलं फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून कुठे थांबायचं ते दाखवणारं रसायन) फिकट गुलाबीऐवजी भडक गुलाबी होतं. तो विचारतो, “हे चालेल ना?” नवा टीए पटकन म्हणतो, “नाही, परत कर.” प्रशिक्षक दोघांना थांबवतो आणि तोच प्रसंग पुन्हा करायला सांगतो. दुसऱ्या खेपेला टीए फ्लास्कखाली पांढरा कागद सरकवतो आणि विचारतो, “शेवटचे काही थेंब पडताना रंग किती वेळ टिकत होता?” विद्यार्थी ब्युरेटकडे बघतो, वाचन लिहून घेतो आणि म्हणतो, “तेव्हा मी तोटीकडे बघत होतो.”