मनुष्यबळ लेखापरीक्षण (बेळगाव सीमाभाग)

एखाद्या कारखान्यात किंवा संस्थेत माणसे कशी घेतली जातात, कशी शिकवली जातात, त्यांना पगार, रजा, बढती कशी मिळते आणि ती सोडून का जातात, हे कागदपत्रे व प्रत्यक्ष व्यवहार ताडून पाहणारी तपासणी. कामगारांचा हुरूप वाढवणाऱ्या व त्यांना टिकवून धरणाऱ्या योजना तिच्याच निष्कर्षांवर आखायच्या असतात.

कायद्याची बाजू सरळ आहे. भविष्य निर्वाह निधी, ईएसआय (कामगार राज्य विमा), ओव्हरटाइमचा दुप्पट दर, किमान ८.३३ टक्के बोनस, ग्रॅच्युइटी यांचा भरणा हजेरीपटाशी जुळतो का, एवढे पाहायचे.

खरी अडचण माणसे मोजण्यापासूनच सुरू होते. बेळगावातील उद्यमबाग आणि मच्छे येथील बऱ्याच फौंड्री (धातूच्या ओतशाळा) व मशीन शॉप लहान असून मनुष्यबळाचा कारभार मालक, हिशेबनीस आणि सुपरवायझर मिळून पाहतात. साचेकाम, फेटलिंग (ओतीव भागावरचा जादा धातू काढणे) अशी कष्टाची कामे अनेकदा ठेकेदाराच्या माणसांकडे असतात. कारखान्याच्या मस्टरवर ती माणसे नसतात, त्यामुळे त्यांचे येणे-जाणेही मोजले जात नाही. त्यांना वगळून केलेली तपासणी अपुरीच मानली पाहिजे.

गळतीचा दर काढताना वर्षात सोडून गेलेल्यांच्या संख्येला सरासरी कामगारसंख्येने भागून शंभराने गुणतात. समजा, १२० जणांपैकी ३० गेले, तर दर २५ टक्के. पण ते तीसही जण पहिल्या तीन महिन्यांतच गेले असतील तर दोष भरतीत किंवा सुरुवातीच्या वागणुकीत शोधावा लागतो. दहा वर्षे मुरलेले मोल्डर (साचे करणारे कारागीर) गेले असतील तर पगार आणि बढती तपासावी लागते. नुसत्या टक्केवारीवरून हे कळत नाही.

खाड्यांचेही तसेच. खानापूर व बेळगाव तालुक्यांच्या खेड्यांतून येणाऱ्या अनेकांच्या घरी भातशेती आहे. पावसाळ्यात लावणीला आणि दिवाळीच्या सुमारास सुगीला हजेरी घसरते. तिला बेशिस्त म्हणून दंड लावण्यापेक्षा त्या दिवसांची रजा आधीच वाटून देणे शहाणपणाचे. वर्षभराच्या हजेरी भत्त्याची अटही या दिवसांचा विचार करून घालावी. नाहीतर एका लावणीपायी भत्ता बुडतो आणि उरलेले वर्ष त्याचे आकर्षण राहत नाही.

कामगाराला नियम कोणत्या भाषेत कळतात, हाही इथे तपासणीचा मुद्दा आहे. स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातील नोकरीचे लेखी नियम, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावावेत, असे १९४६ च्या कायद्याने सांगितले होते. मराठी भाषक कामगाराला रजेचा नियम मुकादमाकडून ऐकावा लागत असेल, तर मुकादम सांगेल तोच नियम ठरतो. म्हणून तपासणीसाठी कामगारांकडून भरून घ्यायची प्रश्नावली कानडी आणि मराठी दोन्हींत असावी आणि ती भरून घेताना मुकादम समोर नसावा.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेला भेद योजना आखताना उपयोगी पडतो: पगार आणि कामाची परिस्थिती बिघडली की असंतोष वाढतो, पण हुरूप येतो तो कामातली प्रगती आणि दखल यांतून. खंडेनवमीला यंत्रपूजेनंतर दिलेली भेट कामगाराला आवडतेच. मात्र हेल्परला मोल्डर होण्याची ठरलेली पायरी आणि त्या पायरीचा वाढीव पगार दिसला, तर थांबायला कारण मिळते.

किमान वेतन प्रत्येक राज्य वेगळे ठरवते. बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने कर्नाटकाची हद्द ओलांडली की महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातील शिनोळीची औद्योगिक वसाहत लागते. त्यामुळे बेळगावातील पगाराची तुलना शेजारच्या कारखान्याशी करून भागत नाही. शिनोळीतला हातात पडणारा पगार आणि जाण्यायेण्याचा खर्चही मांडावा लागतो. सोडून गेलेल्यांना जाण्याचे कारण विचारायचे तर राजीनाम्याच्या दिवशी विचारू नये. हिशेब अडकलेला असताना माणूस मोकळेपणाने बोलत नाही. हिशेब चुकता झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी घरी जाऊन विचारले, तर तो खरे कारण सांगण्याची शक्यता अधिक.