बिल गेट्स नापास झाला नव्हता ओ!

दहावी-बारावीचा निकाल लागला, आपलं कोकण बोर्ड राज्यात पहिलं आल्याची बातमी आली की पाठोपाठ रत्नागिरी-मालवणच्या ग्रुपवर बिल गेट्सचा तो फोटो येतोच, की मी काही विषयांत नापास झालो, मित्र सगळ्यात पास झाला, आता तो माझ्याच कंपनीत इंजिनिअर आहे. असं तो बोलल्याचा काहीएक पुरावा नाही. आणि नापास कसला, सॅट म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत १६०० पैकी १५९० मार्क पडलेले त्याला, १९७३ला हार्वर्डला गेला. कॉलेज सोडलं ते १९७५ला, अल्टेअर नावाच्या कॉम्प्युटरसाठी ‘बेसिक’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायचं काम हातात होतं म्हणून, आणि तेही आधी रजा टाकून, म्हणजे परतायचा रस्ता उघडा ठेवून! शिवाय वडील मोठे वकील, आई बँकेच्या बोर्डावर, शाळेत १९६८लाच कॉम्प्युटर टर्मिनल, तेव्हा तसलं अमेरिकेतपण किती शाळांत होतं? हे फोटोवर कोण लिहिणार. मेहनत वेड्यासारखी केली यात वाद नाही. तो दान करतो हे मात्र खरंय, २००० साली फाउंडेशन उभं केलं, पोलिओ-मलेरियावर अब्जावधी डॉलर घातले. आणि हो, हार्वर्डने २००७ला मानद डिग्रीपण दिली त्याला.